चमचा

पक्षाघाताने दादांची वाचा गेली, त्याला सहा महिने झाले होते. पक्ष्यांचं वेड असलेल्या माझ्या या थोरल्या भावाला वहिनी आणि मी धरणाकाठच्या अभयारण्यात घेऊन गेलो. बाभळींमधून चाकांची खुर्ची ढकलत पाणथळीपाशी पोहोचलो. वहिनींनी उपम्याचा डबा उघडला. मी दुर्बिणीतून पाहत म्हणालो, "केवढे बगळे!"

दादांनी नकारार्थी मान हलवली. ओठ थरथरले. "च... चमचा."

वहिनींचे डोळे भरून आले. "अहो, बोललात! देते हं," म्हणत त्या पिशवीत चमचा शोधू लागल्या. दादा मात्र डाव्या हाताने पाण्याकडे दाखवत होते. मी पुन्हा पाहिलं. त्या पांढऱ्या पक्ष्यांच्या चोची टोकाला चपट्या होत्या. ते बगळे नव्हतेच, चमचा पक्षी होते. दादांनी माझी चूक सुधारली होती.

आम्ही तिघंही हसत सुटलो. औषधांनी, व्यायामांनी जो शब्द आला नाही, तो चिखल घुसळणाऱ्या एका पाखराने आणून दिला. माणसाचं बोलणं बहुधा त्याच्या आवडीच्या जागी वाट बघत थांबलेलं असतं.

दादा आता झाडीकडे बोट करून पुन्हा ओठ जुळवत होते. घाई कुणालाच नव्हती.