माफी न मागता विचारलेला प्रश्न

लखनऊच्या विद्यापीठात मी भौतिकशास्त्र शिकवायचो. वर्गात कोणी तोंड उघडत नसे. सरांना प्रश्न विचारणं म्हणजे बेअदबी. माझं डोकं फिरायचं. शेवटी मी ऑनलाइन फोरम सुरू केला. व्याख्यान घरी बघायचं, शंका तिथे लिहायच्या, वर्गात फक्त त्यावर बोलायचं. शंका आल्या, पण प्रत्येकीची सुरुवात 'गुस्ताखी माफ, सर' अशी. तरी मी नेटाने उत्तरं देत राहिलो.

थंडी सरताना एका सकाळी मी फळ्यावर गणित मांडत होतो. मागच्या बाकावरची मुलगी ताडकन उभी राहिली. "सर, ये माइनस कहाँ से आया?"

चूक माझीच होती. अख्खा वर्ग तिच्या बाजूने भांडायला लागला. माफी मागायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. लखनऊने इतका मान मला कधीच दिला नव्हता.