टिपरावरचा दोडका

गोव्यात डिचोलीकडच्या आमच्या गावात चीनचा जेवढा अभ्यास झाला, तेवढा दिल्लीत तरी झाला असेल का, मला शंका आहे. खाणी चालू होत्या तेव्हा आमचं लोहखनिज चीनला जायचं; ज्याच्या दारात ते वाहणारा टिपर ट्रक, तो परराष्ट्रमंत्री. चीनने पोलाद जास्त ओतलं की आमच्याकडे घरांना नवा रंग. चीनने हात आखडला की लग्नं पुढच्या वर्षावर.

मग खाणी बंद पडल्या. बाकीच्यांनी टिपर विकले आणि जागतिक राजकारणही सोडलं. माझ्या काकाने दोन्ही धरून ठेवलं. टिपर अंगणात, तुळशीला पाठ करून उभा. काका समोरच्या बाल्कांवातल्या, म्हणजे ओसरीवरच्या, सोप्याच्या बाकावर, पेपरचं विदेशाचं पान उघडून. मी शेजारच्या घरात राहते, शाळेत शिकवते आणि जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचते: गरीब देश गरीब का राहतात, जगाची दोरी कोणाच्या हातात, असलं. रविवारी ती घेऊन काकाकडे जायची.

"त्यात मायनिंगाचें कितें बरयलां गो?"

"खाणींचं लिहिलेलं पुढे येईल. अजून आफ्रिकेत आहे मी."

"मगे बेगीन चल. चीन येयसर हांव थांबतां."

माझा पारा चढायचा. एकदा एक अख्खं प्रकरण मी त्याला घसा कोरडा करून समजावलं. खरी सत्ता असते ती कधी 'नाही' म्हणत नाही. ती 'नंतर बघू' म्हणते, आणि समोरचा वाट बघत म्हातारा होतो. काका म्हणाला, "हें आमचो सरपंच जाणा. पुस्तक कित्याक जाय?" कपाळ माझं!

आतून काकीची भांडी आपटायची. "जगाचो विकास उरूं दी, पयलीं आंगण सुटूं दी!" तुळशीच्या लग्नाला बायका चाकाला टेकून मंगलाष्टकं ऐकायच्या, म्हणून तिचा जळफळाट. वर्षानुवर्षं हे गाऱ्हाणं ऐकून दोडामार्गच्या तिच्या भावाने शेवटी मनावर घेतलं. पाऊस धरता धरता त्याचा फोन आला: टिपराला गिऱ्हाईक मिळालंय, गणेशचवथीआधी घेऊन येतो.

त्या दिवशी काकाने विदेशाचं पान उघडलंच नाही, थेट निधनवार्ता वाचायला घेतल्या. मला अगदी गलबलून आलं. टिपर गेला की ह्या माणसाचं चीनशी काय नातं उरणार होतं?

पावसात टिपराच्या मागच्या चाकाशी दोडक्याचा वेल आला. काका म्हणाला, पाखराने बी टाकलं असेल. वेल हौद्यावर चढला, टपावरून पुढे आला आणि आरशाला लटकला. पिवळी फुलं काय, कोवळे दोडके काय! टिपर कधी नव्हे तो देखणा दिसू लागला.

चवथ तोंडावर आली आणि भाऊ गिऱ्हाईक घेऊन हजर. माणूस व्यवहाराचा. त्याने टायर लाथाडून पाहिले, बॉनेट उघडलं, मान डोलावली. म्हणाला, "वेल तेवढो तोडून घेवया."

"हात लाव बघूं!" काकी पदर खोचून बाहेर आली. "माटोळयेक राखल्यात ते."

झालं. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीसाठी राखलेल्या फळाला चवथीआधी हात लावील, असा माईचा लाल आमच्या पंचक्रोशीत नाही. गिऱ्हाईकाने कानाला हात लावला. भाऊ तोंड वासून बहिणीकडे बघत राहिला.

"चवथ जांव दी, मगे पळोवया," म्हणजे नंतर बघू, असं काकी गोड आवाजात म्हणाली आणि त्यांना चहाला आत घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराकडचे उंडे, ताजे पाव, द्यायला गेले, तर काकीबाई स्टुलावर चढून सुंभाने वेल आरशाला बांधत होत्या. काका अजून उठायचा होता.

"काकी! पाखरू तू?"

"हळू उलय."

"अगं, अंगण अंगण म्हणून तूच तर जीव खात होतीस आमचा!"

"आरडाओरड करपाक कितें जाता?" तिने गाठ मारली आणि खाली उतरली. "टिपर गेलो जाल्यार हो मनीस सकाळीं उठून पळयतलो कितें? म्हाका? ती सवय केन्नाच मोडल्या ताची." हसत म्हणाली, पण डोळे तिचे भरले होते. मी उंडे तिच्या हातात कोंबले आणि काका उठायच्या आत स्टूल घरात नेऊन ठेवलं.

चवथीला माटोळीत टिपराचे दोडके मधोमध टांगलेले होते. विसर्जन झालं तसा भावाचा फोन आला. काकीने तो स्पीकरवर टाकला आणि आरशाला लोंबणारा एकुलता एक दोडका बघत म्हणाली, "आरे, एक बियांक राखला. सुको जातकच पळोवया."

काका चपापून आधी दोडक्याकडे आणि मग बराच वेळ काकीकडे बघत राहिला. तीच लाजली. पदराने हात पुसत सोप्यावर टेकली आणि माझ्यावर खेकसली, "वाच गो तू! चीन कितें म्हणटा?"