पखवाजवाल्याची नाडी

"हात पुढे करा म्हणते ना!"

"नाय करणार. सकाळपासनं तीनदा बघितलास. माझा हात हाय का पोथी हाय, सारखी उघडून बघतेस?"

"पखवाज खाली ठेवा आधी."

"पखवाज आता कुंभिवलीच्या देवळातच खाली ठेवणार!"

बाहेर टेंपोचा हॉर्न वाजतोय, टेंपोत अख्खं भजनी मंडळ टाळ मांडीवर घेऊन बसलंय आणि दारात मी आडवी उभी! एका हातात पखवाजाची दोरी, दुसरा हात यांच्या मनगटाच्या मागावर. भिसेगावातल्या आमच्या आळीत त्या सकाळी कुणी टीव्ही लावला नाही. गरजच काय होती?

तर माझी फजिती ऐका. हसायचं ते एकदाच हसून घ्या. दुसऱ्यांदा मी सांगायची नाही, आणि माझ्या पाठीमागे कुणी सांगितली तर त्याचं काही खरं नाही!

माझी शाळा चौथीत सुटली. सुटली कसली, सोडवली; धाकटी भावंडं सांभाळायला. पण वाचन सोडवणं कुणाच्या बापाला जमलं नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. असंच एकदा वाचनालयातून हृदयावरचं जाडजूड पुस्तक आणलं आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फडशा पाडला.

तुम्हाला ठाऊक आहे का, हृदयाला चार खोल्या असतात? दोन वर, दोन खाली. वापरलेलं रक्त उजवीकडून फुप्फुसांत जातं, ताजं होऊन डावीकडे येतं, आणि डावी खालची खोली ते अंगभर ढकलते. मधली दारं एकाच दिशेनं उघडतात. ती मिटतात तेव्हा होणारा आवाज म्हणजे आपल्या छातीतली लब-डब. आणि हे सगळं चालू ठेवायला वरच्या उजव्या खोलीत एक इवलीशी जागा असते, ती जन्मभर ठिणग्या टाकत राहते. बिल नाही, लाइनमन नाही! प्रत्येक ढकलीसरशी रक्तवाहिनीत लाट उसळते, ती मनगटाशी हाताला लागते. तीच नाडी. आता सांगा, डॉक्टरीण व्हायला माझ्यात काय कमी होतं?

नाडी कशी बघायची त्याचं चित्रही होतं पुस्तकात. मनगटावर दोन बोटं हलकेच टेकवलेली. मी म्हटलं, ही शहरातली नाजूक तऱ्हा! ज्या अंगठ्यानं जन्मभर भाताची शितं दाबून बघितली, आंबा पिकलाय की नुसताच रंगलाय ते ज्या अंगठ्यानं अचूक सांगितलं, त्याला दोन बोटांची मदत कशाला? मी आपला अंगठा दाबला. काय दणदणीत ठोके लागले म्हणता! चित्रातल्या बाईला इतके स्पष्ट कधी लागले नसतील.

मग काय, आळी माझीच होती. शेजारची लता, अठ्ठ्याऐंशी. लताची सासू, अठ्ठ्याऐंशी. दूधवाला किटली घेऊन उभा, अठ्ठ्याऐंशी. लताचा तान्हा नातू पाळण्यात झोपलेला, तोही अठ्ठ्याऐंशी! पुस्तकात लिहिलं होतं की तान्ह्या बाळाची शंभराच्या वर असते. मी म्हटलं, असेल, हे बाळ जरा समजूतदार आहे.

लताला मात्र शंका आली. "काकू, सगळ्यांची सारखीच कशी हो?"

"पाणी एकाच टाकीचं पितो ना आपण!" मी म्हटलं.

आहे की नाही उत्तर? लता गप्प बसली. मी नाही बसले, हेच चुकलं.

कुंभिवलीच्या भजनाच्या आदल्या संध्याकाळी हे तालमीहून आले. भज्यांचा वास दारातूनच आला. जेवायला बसले, दोन घास खाल्ले आणि छाती चोळायला लागले.

"काय होतंय?"

"काय नाय गं. जळजळतंय जरा."

माझा हात ताटातच थांबला. माझा थोरला भाऊ असाच गेला. जेवून उठला, छाती चोळली, पुन्हा बसला तो बसलाच. मी खरकट्या हातानंच यांचं मनगट धरलं. शहाण्णव!

घाबरले. घाबरून पुन्हा बघितली, तर शंभर! आता पुरतीच घाबरले. डोळे ताणून घड्याळाचा काटा बघत पुन्हा मोजली, तर त्याच्याही वर! म्हणजे माणूस माझ्या डोळ्यांदेखत हातचा चालला की नाही?

"डॉक्टरकडे चला."

"भजी खाल्लीत, विख नाय खाल्लं," हे म्हणाले, चमचाभर ओवा चावला आणि घोरायला लागले. मी उशाशी बसून.

आणि सकाळी बघते तर हे झब्बा घालून, पखवाज खांद्याला लावून तयार! सांगा, मी दारात आडवी उभी राहू नको तर काय आरती ओवाळू?

टेंपोतून मंडळाचे नथूबुवा खाली उतरले. "वहिनी, सोडा दादांना. पखवाज नसला तर आमी काय डबा वाजवायचा?"

"वाजवा! डबा फुटला तर दुसरा मिळंल. माझा हा येकच हाय!"

रागावले ना, की माझी पुस्तकी भाषा अशी गळून पडते.

तेव्हा यांनी पखवाज खाली ठेवला. डावा हात माझ्यापुढे केला आणि उजव्या हाताची बोटं स्वतःच्या गळ्याला लावली. "हितं बी ठोका लागतो. पन्नास वर्सं ताल धरलाय मी. तू मनगट धर नि मोठ्यांदा मोज. मी हितनं बोलतो."

मी अंगठा दाबला. "एक, दोन, तीन..."

"धा... धा..."

"चार, पाच, सहा..."

"धा... धा..."

आळी श्वास रोखून ऐकत होती. माझी मोजणी पळतेय, यांचा धा आपला निवांत. माझे तीन होईपर्यंत यांचे जेमतेम दोन!

नथूबुवा मान हलवत म्हणाले, "दादा इलंबितात हायत, वहिनी द्रुतात. हे काय जमत नाय बुवा."

आता दुसरी एखादी असती तर तिथंच तिच्या डोक्यात प्रकाश पडला असता. पण मी पुस्तक वाचलं होतं ना! मी किंचाळले, "अरे देवा, गळा एक सांगतोय आणि मनगट दुसरंच! यांचं हृदय दोन तालांत चाललंय! उचला यांना!"

माझ्या आवाजानं मंडळही हबकलं. यांना उचलून टेंपोत घातलं, मी शेजारी चढले आणि टाळ-मृदंगासकट सगळी वरात कुंभिवलीच्या रस्त्याला लागायच्या ऐवजी कर्जतातल्या दवाखान्यात शिरली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं यांना आडवं केलं, छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी काढून वाचली, जिभेपासून पोटापर्यंत तपासलं. मी पदराचं टोक चावत उभी.

"काही झालेलं नाही यांना. नाडी अडुसष्ट, पट्टी साफ. पित्त झालंय. भजी खाल्लीत का?"

"अडुसष्ट? छे! मी स्वतः शंभराच्या वर मोजलीय!"

"कशी मोजता आजी? माझी बघून दाखवा."

मी तिचं मनगट धरलं, घड्याळ बघितलं आणि माझे डोळेच फिरले. "अगं पोरी, तुझी एकशेबारा! तूच आडवी हो आधी!"

ती हसली. हळूच माझा अंगठा उचलला आणि माझीच दोन बोटं तिच्या मनगटावर ठेवली. संथ, मऊ ठोके लागले.

"आजी, अंगठ्यात आपली स्वतःची नाडी जोरात उडते. दुसऱ्याची बघायला गेलं तर आपलीच लागते. इतके दिवस तुम्ही मोजलीत ती तुमची."

लता, तिची सासू, दूधवाला, पाळण्यातलं पोर... सगळीकडे मीच!

नथूबुवांच्या हातून टाळ पडला. मंडळ असं हसलं की बाहेरच्या रांगेतले पेशंट आत डोकावले. डॉक्टरनं मग मलाही आडवं केलं, तारा लावल्या. माझंही हृदय ठणठणीत निघालं. फक्त थोडा वेळ एक शब्दही न बोलता पडून राहा म्हणाली, आणि खरंच नाडी उतरली.

"गप ऱ्हायचं औषध असंल तर द्या लिवून, बाई," हे म्हणाले.

बोला म्हटलं, काय बोलायचं ते बोला! अडुसष्ट. मनातल्या मनात मी तो आकडा पुन्हा पुन्हा म्हणत होते. तुम्हाला खोटं वाटेल, पण इतकी फजिती होऊन मी त्या दवाखान्याच्या पायऱ्या अशी उतरले, जशी काही माहेरालाच निघालेय.

पण टेंपो कुंभिवलीकडे वळला आणि यांना पुन्हा कंठ फुटला. "चुकले म्हण."

"चुकले कशी? मोजणी बरोबर होती. हात तेवढा चुकला."

"अख्ख्या आळीला रोगी केलंस! आमाला उशीर केलास!"

"मग ओढा टेंपो तुम्ही, लवकर पोचेल!"

मंडळ एकदा यांच्याकडे बघतंय, एकदा माझ्याकडे. तेवढ्यात यांना काय आठवलं कोण जाणे. पखवाजावर थाप मारून म्हणाले, "थांब. नाडी सगळीकडं तुझीच. मग लताला अठ्ठ्याऐंशी, दूधवाल्याला अठ्ठ्याऐंशी, नि माझा हात धरलास की शंभराच्या वर का जात हुती गं? सांग आता सगळ्यांम्होरं!"

मंडळाच्या माना माझ्याकडे वळल्या. नथूबुवा तर चक्क पुढे वाकले. मी खिडकीबाहेर बघितलं, पदर सारखा केला आणि म्हटलं,

"लता नि दूधवाला गेले तर रडून मोकळी होईन हो, पण तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी?"