लेकीचा तांदूळ आणि पहिलं दळण

गिरणीत एक नियम असतो, तो पाटीवर कुठं लिहिलेला नसतो. आधीच्या दळणाचं मूठभर पीठ दगडात राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून कुणाच्या मागं कुणाचं दळण टाकायचं, यातच सगळी हुशारी. सकाळी आणि धान्य बदललं की दगड झाडून घ्यायचे, आधी उपवासाचं दळायचं, मग गहू, मग ज्वारी, मग बाजरी, आणि डाळ सगळ्यात शेवटी. बाजरीवर कुणाचा गहू टाकला की गिऱ्हाईक भांडायला आलंच म्हणून समजा. शहागंजच्या मागच्या गल्लीत पंचवीस वर्षं मी गिरणी चालवतेय. काय कशापासून वेगळं ठेवायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मला वाटायचं.

स्वभाव माझा तापट. आमचे हे म्हणतात, तुझं तोंड एकदा सुरू झालं की दाणे संपेपर्यंत थांबत नाही. ते स्वतः छिन्नीनं दगडाला टाकी मारत गप बसतात, मग घरात कुणीतरी बोलायला नको का?

वीज हा माझ्यासाठी पुस्तकातला विषय नव्हता. थ्री फेज असली तर आमची चूल पेटणार, नसली तर नाही. भारनियमनाच्या काळात बायका डबे ठेवून जायच्या, आणि डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत जायची. लाइट कधी येईल ते देवालासुद्धा ठाऊक नसायचं. त्या रांगेतल्या एका उलट्या डब्यावर बसून माझी लेक अभ्यास करायची. मोठी झाल्यावर पोरीनं शिकायला काय घ्यावं? वीजच. इलेक्ट्रिकल इंजिनीअर झाली.

दोन वर्षांमागं तिला एकाच आठवड्यात दोन नोकऱ्या चालून आल्या. एक समुद्राकाठी, परमुलखात, अणुवीज केंद्रात. दुसरी बीडकडच्या डोंगरावर, पवनचक्क्यांची. पंधरा दिवसांत कळवायचं होतं. पोर एकुलती एक. ती कुठं जाणार, कशात हात घालणार, यावर माझी झोप अवलंबून.

मी पहिल्या दिवसापासून अणूच्या बाजूनं. का नसणार? लेक सांगत होती की ती वीज दिवस-रात्र, महिनोन् महिने एकसारखी येते. वारा म्हणजे आमच्या थोरल्या भावजींसारखा. आला तर आला, नाही तर चार दिवस पत्ता नाही. मी म्हटलं, "वाऱ्याच्या भरवशावर गिरणी टाकली असती तर आपण कधीच उपाशी मेलो असतो."

हे मात्र वाऱ्याच्या बाजूनं. एरवी तोंडातून शब्द निघत नाही, पण त्या दिवशी म्हणाले, "वाऱ्याला ना धूर, ना राख. पवनचक्की पडली तर एक वावर खराब होईल. ते दुसरं बिघडलं तर अख्खा तालुका उठवावा लागंल."

"आणि राख कुठं टाकतात गं त्याची?" मी लेकीला विचारलं. दळल्यावर कोंडा राहतो, जाळल्यावर राख राहते, एवढं आम्हाला कळतं.

"ती टाकत नाहीत आई, सांभाळतात. हजारो वर्षं सांभाळावी लागते."

आमच्या घरात आजेसासऱ्याच्या वावराचा कागद धड सांभाळला गेला नाही, आणि हजारो वर्षं? पण हार कोण मानतंय! मी म्हटलं, "सरकार सांभाळेल. तुम्ही दोघं बापलेक नुसते घाबरट."

त्यात पैठणच्या नणंदबाईंचा फोन. "वहिनी, अणूत काम करणाऱ्या पोरीला कोण करून घेईल? उद्या लेकराबाळाचं काही झालं म्हंजे?" मी असली तडकले! म्हटलं, "माझी लेक काय संसर्गाचा रोग आहे व्हय? असं बोलायचं असेल तर फोन करत जाऊ नका." आणि ठेवला फोन. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी विसरले होते.

आमच्याकडं पोरगी द्यायच्या आधी घर बघायला जातात. मुलाशी नंतर बोलतात. आधी तिथलं पाणी पितात, चूल बघतात, शेजाऱ्याला विचारतात. माझ्या वेळी माझा मामा इथं आला होता. परत जाऊन म्हणाला, "घरात मोटर आहे, थ्री फेज आहे, पोरगी सुखात राहील." नवऱ्याचं तोंड कसं आहे ते सांगायला विसरला. तर मी ठरवलं, पोरीच्या नोकरीचंही घर बघायचं. लेक कपाळाला हात लावून बसली. "आई, असं कुणी जातं का?" म्हटलं, "आपण जातो."

आधी डोंगरावर गेलो. एसटी, मग जीप, मग पायी. वर चढून बघते तर पंचवीस-तीस उंच खांब, आणि एकाचंही पातं हलेना. तिथला साहेब ओशाळून म्हणाला, "मावशी, आज वारा पडलाय." मी यांच्याकडं नुसतं बघितलं. हे लगेच ढगांकडं बघायला लागले.

शेजारच्या वावरात एक म्हातारी शेंगा वेचत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "पहिलं सहा महिनं झोप नव्हती बाई, सू सू सू चालायचं. पात्याची सावली चुलीवरून फिरायची, चक्करच यायची. आता ते थांबलं की झोप येत नाय." तिनं गुळाचा खडा आणि पाणी दिलं. पाणी गोड होतं. रस्ता झाला, पोराला तिथंच राखणीचं काम लागलं, असंही म्हणाली. मग मी साहेबाला विचारलं, "बायकांसाठी संडास कुठंय?" साहेबही ढगांकडं बघायला लागला.

निघताना वारा सुटला. पाती एकामागं एक फिरायला लागली, आणि खरं सांगते, मला ते आवडलं. एवढं मोठं धूड फिरतंय, पण कुठं जळकट वास नाही की धूर नाही. पण कबूल कशाला करायचं? तरातरा खाली उतरले.

चार दिवसांनी एक रात्र रेल्वेत काढून समुद्राकाठी पोचलो. केंद्राच्या आत आम्हाला कोण सोडणार? फाटकावरूनच परत फिरवलं. पण बाहेरची वसाहत बघून मी हरखले. झाडं काय, दवाखाना काय, शाळा काय! संडासही बघून घेतला, चकचकीत. तिथल्या एका घरी पाणी प्यायले, तेही चांगलं होतं. मला वाटलं, झालं, पक्कं. बाजारात एका भाजीवालीपाशी बसले, तिची हिंदी तोडकी, माझी मोडकी, जमलं आमचं. म्हणाली, तिचा जन्म इथलाच, कधी काही झालं नाही.

आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

सगळ्या बाजारानं शटर ओढली. कुणी पळालं नाही, कुणी ओरडलं नाही, जसं रोजचं काम. भाजीवालीनं पालेभाजीवर ओलं पोतं टाकलं, नातीला बकोटीला धरलं आणि मलाही हाताला धरून एका दुकानात ओढलं. "ड्रिल है, ड्रिल," ती सांगत होती. खोटंखोटं आहे, खरं घडलं तर काय करायचं त्याची तालीम. मला कळत होतं. पण मागोमाग आत आलेल्या लेकीचं मनगट धरलं ते मी सोडेना. ती बाई ड्रिल ड्रिल म्हणत होती खरी, पण नातीला तिनं असं पोटाशी धरलं होतं की पोरगी कुरकुरायला लागली.

परतीच्या गाडीत मी जाहीर केलं, "वाराच बरा."

हे हसले. वीस वर्षांत एवढं हसले नव्हते. लेक म्हणाली, "आणि संडासाचं काय?"

"मी बांधून देईन! स्वतः विटा वाहीन!"

ती आधी हसली. मग म्हणाली, "आई, मी केंद्राला तिथूनच होकार पाठवला. भोंगा थांबल्यावर." मी काही बोलायच्या आत तिनं माझा हात धरला. "वाराही लागतो आई, तोही वाढायलाच पाहिजे. पण तो पडतो तेव्हा कुणीतरी चालू राहावं लागतं. आणि भाजीवर ओलं पोतं टाकणाऱ्या त्या मावशीला कसं वाटतं ते मी बघितलं. आत काम करणाऱ्यांपैकी कुणाला तरी ते माहीत असावं."

घर बघितलं, पाणी प्यायलो, शेजारीपाजारी विचारले. पोरीला काय पाहिजे तेवढं विचारायचं राहिलं होतं. मामानं माझ्या वेळी केलं तेच मी तिच्या वेळी केलं होतं.

गेली ती. दिवाळीला पहिल्यांदा घरी आली. आणि आता मी ते सांगते, जे मला आजही सांगताना लाज वाटते.

ती रिक्षातून उतरली, हसत आली, आणि मी दारातच म्हटलं, "थांब. बॅग ओट्यावरच ठेव. आधी अंघोळ कर." तिचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवले. तिनं माझ्यासाठी हौसेनं तिकडचा तांदूळ आणला होता, पाच किलो, शेजारणीच्या शेतातला. म्हणाली, "दळ, तिकडं याची भाकरी काय सुंदर होते!" तो मी जिन्याखाली सरकवला. मुद्दाम केलं असं नाही. पंचवीस वर्षांची हाताची सवय, काय कशात मिसळायचं नाही ते हात आपोआप ठरवतात.

लेक अंघोळ करून आली आणि तिला दोन बादल्या दिसल्या. एकीत आमचे कपडे, दुसरीत तिचे एकटीचे. नुसती बघत उभी राहिली. बोलली असती, भांडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात शेजारच्या खाला, आम्हा सगळ्यांच्या मावशी, आल्या. सत्तरीच्या आहेत, लेकीला त्यांनी मांडीवर खेळवलंय. आल्या आल्या त्यांनी तिला मिठीत घेऊन मुके घेतले. "कित्ती सुक गई मेरी बच्ची!" तिच्याच ताटातली करंजी उचलून अर्धी स्वतः खाल्ली, अर्धी तिला भरवली. मी तिथंच उभी. आईनं आधी काय करायचं असतं ते शेजारीण करत होती.

खाला गेल्यावर लेकीनं हळूच सांगितलं, "आई, आमच्या छातीवर एक बिल्ला असतो. अंगाला किरणं किती लागली ते त्यावर मोजतात. दरवेळी तपासतात. काही नसतं गं त्यात." मग बादलीकडं बघून म्हणाली, "आणि असतंच, तरी ते कपड्यातून तुला लागू देईन का मी? तसं बाहेर येऊच देत नाहीत आम्हाला."

हे कोपऱ्यातून म्हणाले, "माझ्या बहिणीला फोनवर काय म्हणाली होतीस, आठवतंय का?" तेवढंच. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रडले मी, लपवलं नाही. तिला म्हटलं, "चुकलं माझं. भ्याले मी. अजून भीते. पण तुझ्यासाठी भीते, तुला नाही." ती म्हणाली, "मग तसं तोंडानं सांगायचं. बादली कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर ही गर्दी. दिवाळीच्या दिवसांत ज्वारी, गहू, भाजणीचे डबे लागलेले. लेक जिन्यापाशी उभी होती. मी जिन्याखालून तांदळाची पिशवी ओढली. मोटर सुरू केली, आणि पहिलं दळण म्हणून तिचा तांदूळ ओंजळीओंजळीनं वर ओतला. पीठ हाताला गरम लागत होतं. चिमूटभर तोंडात टाकलं.

मग दगड झाडायची वेळ आली आणि मी झाडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. पुढचा डबा खालांचा गव्हाचा होता, तो उचलला आणि सांगितलं, "खाला, आधीचं पीठ दगडात आहे. माझ्या लेकीचा तांदूळ आहे, अणूच्या गावचा. तुमच्या गव्हात मूठभर येईल. चालत असेल तर टाकते, नाही तर दगड झाडून देते."

रांगेतल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. खालांनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "टाक ना बेटी. झाडती कायको?"

मी गहू ओतला. मागून लेक म्हणाली, "आई, तुझी मोटर आत्ता कशावर चालतेय माहितंय? डोंगरावरचा वारा, आमचं केंद्र, कोळसा, धरण, सगळं एकाच तारेत येतं. कुठलं कुणाचं, वेगळं काढता येत नाही." तिनं खालांच्या डब्यात, पडत्या पिठाखाली हात धरला. पीठ उतरत होतं, आधी पांढरं शुभ्र, मग हळूहळू गव्हाचं. मी तिचा पिठानं माखलेला हात घट्ट धरला, आणि दोघींचे हात त्या डब्यात तसेच राहू दिले.