ठमाबाईचा बोकड

अहेरीकडच्या त्या लहानशा ल्यूथरन ख्रिस्ती मंडळीत ठमाबाईच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. नवरा लवकर गेला, तरी बाईने धानाची शेती एकटीने ओढली, उन्हाळ्यात मोहफुलं वेचली, पोराला शिकवलं, सून आणली, आणि या सगळ्यात कुणापुढे हात म्हणून पसरला नाही. कोणी वाटीभर साखर आणून दिली, तर संध्याकाळच्या आत ती वाटी काहीतरी भरूनच परत जायची. फुकटचं खाणं तिला विषासारखं वाटे.

आणि हीच बाई सहा-सात वर्षं चर्चची पायरी चढली नव्हती. कारण काय, तर एक कोहळं.

कापणीच्या सणाला लोक आपापल्या वाडीतलं देवापुढे ठेवतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी मनकर्णाने भलंमोठं कोहळं आणलं होतं. मनकर्णा म्हणजे शेजारीण, लहानपणापासूनची मैत्रीण. ठमाबाईने नाक मुरडून सगळ्यांदेखत विचारलं, "देवाले सडकं देतेस काऊन व?"

"तुझी नियतच सडकी," मनकर्णा म्हणाली.

झालं! ठमाबाईने कोहळं उचललं आणि दाराबाहेर भिरकावलं. ते फुटलं, आणि खरंखोटं कळायच्या आत डुकरांनी फस्तही केलं. देवापुढचं दान फेकलं म्हणून लोक हळहळले. कोणी तिला हाकललं नाही. तिनेच तणतणत वहाणा घातल्या आणि निघून गेली. राग पुढे उतरला, लाज मात्र उतरेना.

यंदा नातीचं, दिव्याचं, दृढीकरण ठरलं. म्हणजे पोरीने आपला विश्वास मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने कबूल करायचा आणि त्याच दिवशी पहिल्यांदा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, घ्यायचं. दिव्या आजीच्या गळ्यातच पडली. "आजी, तू माझ्या बाजूले पाहिजेस. नाई तं मले गोड नाई लागणार."

ठमाबाईलाही जायचं होतं, फार जायचं होतं. परतायचं कसं, हे ती माहेरच्या रीतीवरून जाणून होती. जातीबाहेर पडलेला माणूस आधी दंड देतो, गोताला जेवू घालतो, मग त्याला पंगतीत घेतात. तिने गोठ्यातला सगळ्यात माजलेला बोकड सोडला आणि शनिवारी सकाळी पाळक सुनिल यांच्या अंगणात नेऊन बांधला.

पाळक दात घासत होते. "हे काय, ठमाबाई?"

"दंड."

"कायचा?"

"आता तोंडानं वदवता का, पास्टरभाऊ? कोहळ्याचा. मंडळीले जेवू घाला अन् मले आत घ्या."

पाळकांनी शांतपणे चूळ भरली. "वापस न्या बोकड. दंड येशूनं भरला, क्रुसावर. त्यात तुमचाबी आला. मी दुसऱ्यांदा घेतला तं चोर ठरीन."

"म्हणजे फुकट?"

"फुकट. त्यालेच कृपा म्हणतात. उद्या रिकाम्या हातानं या. बोकड घेऊन आल्या तं भाकर देणार नाई."

तेवढ्या वेळात बोकडाने पाळकांच्या घरच्या झेंडूचा फडशा पाडला होता. ठमाबाईचा चेहरा खुलला. निदान त्याची तरी भरपाई! पाळकांनी हात जोडले. "झेंडूबी माफ."

रस्ताभर बोकडावर ओरडत ती घरी आली. गुन्हा कबूल होता, दंडाची तयारी होती, पण नुसतं माफ व्हायचं, हे तिला शिवीसारखं लागलं. दिवसभर ती भांडी आपटत राहिली. शेवटी दिव्यानेच भीत भीत विचारलं, "आजी, माझा बाप्तिस्मा झाला तवा मी काय देल्लं होतं?"

"तू? तू तं पाळकाच्या अंगावर मुतली होती!"

"तरी घेतलंच ना देवानं मले?"

ठमाबाईला फसकन हसू फुटलं. हसता हसता रडू कधी आलं, ते तिलाच कळलं नाही.

रविवारी ती गेली. प्रभुभोजनाची वेळ आली तशी दिव्याने तिला हाताला धरून पुढे नेलं. गुडघे टेकले आणि पाहते तर शेजारी मनकर्णा. आता उठताही येईना. ठमाबाईने दोन्ही तळवे पुढे केले. आयुष्यात पहिल्यांदाच ती जाणूनबुजून, काही न देता काही घेणार होती. पाळकांनी तळव्यावर भाकरीचा तुकडा ठेवला. "तुमच्यासाठी," ते म्हणाले. एवढ्याशा तुकड्याने बाई तृप्त झाली. इतकं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

बाहेर पडताच तिने हुकूम सोडला, "बोकड आणा रे!" पाळकांनी डोळे वटारले.

"दंड नाई, पास्टरभाऊ. खुशी हाय. कोणी मागतलं नाई, म्हणून देऊन राह्यली."

पाळक पोट धरून हसले. कृपेच्या आधी आलेला बोकड त्यांना नको होता, मागून आलेला चालत होता.

दुपारी चर्चच्या अंगणात पंगत बसली. मनकर्णा तेवढी उभी. ठमाबाई रस्स्याची बादली घेऊन तिच्यापाशी आली, तशी मनकर्णा सगळ्यांदेखत म्हणाली, "ठमा, ते कोहळं सडकंच होतं. मले ठावं होतं. सडकी बाजू मीच खाली करून ठेवली होती. घरून काईतरी आणू दे मले, मंगच बसीन."

इतकी वर्षं ठमाबाई खरी होती! तिच्या जिभेवर काय काय आलं असेल, देव जाणे. तिने बादली खाली ठेवली, मनकर्णाला खांद्याला धरून बसवलं आणि तिच्यापुढे पत्रावळ मांडली.

"काई आणू नको," ती म्हणाली. "जेव."