चीनच्या बादशहाचा झगा

नवऱ्याचं नाव आमच्यात बाया घेत न्हाईत. मी घेते. बंकट शिंपी, दिंद्रुडचा. हाताला देवाची देणगी, पण खोड एकच, तमाकू. काम कितीबी नाजूक असू द्या, चुना लावून मळल्याबिगर गडी कात्री उचलायचा न्हाई.

बहात्तरच्या दुष्काळात पोटाला भाकर न्हवती, तिथं कपडे कोण शिवतंय? मशीनवर गोणपाट टाकलं अन् दोघंबी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. महिन्याभरात ह्येंच्या बोटांना असे घट्टे पडले, की सुईत दोरा ओवता येईना. मला लई रडू आलं.

त्यात अंबाजोगाईच्या कॉलेजातून विठ्ठलराव मास्तर आले. गॅदरिंगच्या नाटकात ते चीनचे बादशहा व्हणार व्हते. दरबारी पोशाखाचं चित्र दाखवलं त्यांनी. पिवळाजर्द झगा, खांद्यावर झूल, घोड्याच्या खुरासारख्या बाह्या अन् छातीवर पायवाला नाग!

"बंकट, सहकारी कारखान्याचे चेअरमन नाटकाला येणार आहेत. कामगारांचे दोनशे गणवेश शिवून घ्यायचेत त्यांना. हा झगा त्यांच्या नजरेत भरला, तर काम तुलाच."

पिवळं रेशीम कुठलं आणावं? सोसायटीतून मांजरपाट आणलं अन् वाट्याला आलेल्या हंडाभर पाण्यात हळद कालवून रंगवलं. सुईत दोरा मी ओवून देई, नाग चिंध्या जोडून केला. आठ दिवस घरात मशीन खडखडत व्हती. लई बरं वाटलं जिवाला.

नाटकाच्या दिवशी दुपारी मास्तरांना झगा घातला. ह्येंनी कौतुकानं छातीवरची सुरकुती सारखी केली, अन् झालं! नागाच्या तोंडापुढं लालभडक अंगठा, शेजारी चार बोटं. नुकतीच तमाकू मळलेली, हाताला चुना ओला. हळदीला चुना लागला की कुंकू व्हतं, हे बाईमाणसाला सांगावं लागत न्हाई. ह्येंच्या ध्यानात कावून आलं न्हाई, देव जाणे.

"आता पुन्हा खडीच," म्हणून ह्ये मटकन खाली बसले. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं.

"अवो, बसता काय मेल्यावानी! आणा ती चुन्याची डबी हिकडं," मी वरडले.

चित्र पाह्यलं. नागापुढं तिथंबी एक लाल गोळा व्हता, भवताली जाळ. अंगठ्याचा गोळा केला, काडी चुन्यात बुडवून बोटांचा जाळ केला. मग हात थांबेना. काठानं ढग काढले, वाळल्यावर चुना झटकला.

पडदा उघडला अन् टाळ्यांनी मांडव दणाणला. नाटक संपल्यावर चेअरमन जवळ आले. "हे लाल काम कुणाचं?"

ह्येंनी चारचौघात मव्हं नाव घेतलं. "भिवराबाईचं. शिवलं मी, पण तारलं तिनं."

असं कुण्या नवऱ्याला बोलताना मी ऐकलं न्हवतं. गणवेश मिळाले. दुसऱ्या दिवशी खडीच्या कामावर जाऊन मुकादमापुढं दोन हातोडे ठेवले. "कुणाचे गं?" त्यानं इचारलं.

तवा मी पहिल्यांदा ह्येंचं नाव घेतलं. "भिवराबाईचा अन् बंकट शिंप्याचा. आता लागत न्हाईत."