रग्बीच्या मैदानांवरून

माझी मुलगी न्यूझीलंडला गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. ती जाणार हे मला घरात नाही, राहात्याच्या फळांच्या मार्केटात कळलं. समोरच्या गाळ्यावरच्या व्यापाऱ्याने पेढे मागितले तेव्हा. हातगाडीवर पेरू विकून मी गाळ्यापर्यंत आलो, तिला शिकवलं, आणि कंपनीला होकार कळवताना तिने मला विचारलंसुद्धा नाही. त्या दिवशी मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. ती आईला फोन करायची. बायको मुद्दाम स्पीकर लावायची आणि मी पेपरात डोकं घालून ऐकायचो.

यंदा तिने आईच्या मोबाईलवर एक गेम पाठवला, तिने स्वतः केलेला पहिला. एक छोटं विमान आणि खाली त्या देशातली रग्बीची मैदानं. एका गावाच्या मैदानावरून उडायचं, पुढच्या मैदानावर खाली यायचं आणि तिथल्या दोन उंच खांबांच्या मधून विमान काढायचं. रग्बी कशी खेळतात ते मला आजही माहीत नाही. पण लिलाव उरकून दुपारी जेवायला आलो की मी तो मोबाईल घेऊन बसायचो. डोंगर, मेंढरं, मग एकदम समुद्र. पाचवं मैदान ती राहते त्या गावचं. चौथ्यावर माझं विमान दर वेळी खांबाला आपटायचं.

रविवारी तिचा फोन आला. बायको म्हणाली, "तुझा बाप आठ दिस झाले मोबाईल सोडंना."

पलीकडून तिने विचारलं, "गेमला काय म्हनत्यात?"

मी पेपर खाली ठेवला. "इमान जड हाय. वळताना लई घसरतंय. खांब एवढे जवळ कुनी रोवले? आन गवत समदीकडं सारखंच."

आमच्या धंद्यात जो माल घ्यायचा असतो त्याच्यात आधी खोड्या काढतात. जो घ्यायचा नसतो त्याला "छान हाय" म्हणून पुढे जातात. पोरगी क्रेटवर वही ठेवून अभ्यास करत वाढलेली. तिला हे कळेल असं मी धरूनच चाललो होतो.

"अण्णा, माल घ्यायचा नसंल तर हात लावू नका," ती म्हणाली आणि फोन कापला.

"झालं समाधान?" बायको कडाडली. "दोन वर्सांनी पोरीनं इचारलं, तर खोड्या काढीत बसले!"

"घ्यायचा हाय म्हनून तर काढल्या!"

"ती काय पेरू इकती का?"

मलाही राग आलाच. एकतर विचारायचं नाही, वर फोन कापायचा. सौद्यात आधी बोलतो तो हरतो, म्हणून मी गप्प राहिलो. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा बायकोने स्पीकर लावला नाही. मोबाईल घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. आतून नुसती कुजबुज येत होती. तासभर पेपरातलं एक अक्षर मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच मी बायकोच्या मोबाईलवरून फोन लावला.

"मी हाय."

गाळ्यावर असतो तर समोरचा बोलेपर्यंत थांबलो असतो.

"चौथ्या मैदानावर आपटतोय मी. पुढं जायचंय मला. तुझ्या गावाला."

ती म्हणाली, "खांब दिसायच्या आधीच वेग कमी करा. मग वळा." अगदी शुद्ध, ऑफिसातल्यासारखं बोलत होती. अनोळखी गिऱ्हाईकाला समजावताना मी आवाज खाली ठेवतो, तसा आवाज.

"बरं," मी म्हणालो. गेम छान झालाय एवढंच सांगायचं होतं, पण 'छान' हा शब्द आमच्या बाजारात इतका खराब झालाय की तोंडातून निघेना.

"आणखी काही अडचण आहे का?" तिने विचारलं.

"हाय," मी म्हणालो. मोबाईल कानाला धरून मी खाली बसलो. तिनेही फोन ठेवला नव्हता.